आठाचा शनी आणि एक जूनचे राजे

तिसगावच्या बाजारात नवा जोशी आलाय. याच्या कपाळाला गंध नाही न काखेत पंचांग नाही. याच्यापुढं लॅपटॉप आहे, मागं फ्लेक्स आहे, आणि फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, नाव बदला, नशीब बदला. जन्मतारीख सांगायची, मोबाईलचा नंबर सांगायचा, नावाचं इंग्रजी स्पेलिंग सांगायचं. तो बेरीज करतो. बेरजेचे एकवीसशे रुपये घेतो. चौथीतलं पोरगं पाटीवर फुकट करील त्या बेरजेचे एकवीसशे!

रांगेत कोण उभं आहे ते बघा, दोस्तहो. बागायतदार उभे आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. पण त्यांच्या मागं आपली पोरं उभी आहेत. मोबाईलच्या पाठीवर बाबासाहेब आणि तोंडात प्रश्न काय, तर "सर, माझा लकी नंबर कोणता?" एकानं स्वतःच्या नावात एक जादा 'ए' घालून घेतला. दुसऱ्यानं दुकानाच्या पाटीवर 'भीम'च्या स्पेलिंगात दोन 'ई' होत्या, तिथं तीन केल्या. भीमाचं नाव बेरीज करून दुरुस्त करणारे हे कोण लागून गेले?

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण वस्तीतली एक सोयरीक या आकड्यावर मोडली. पोरगी शिकलेली, कमावती. जन्म २६ तारखेचा. दोन आणि सहा आठ. आठ म्हणजे शनी. मुलाच्या आत्यानं निरोप धाडला, "आठ नंबरची पोरगी घरात आली की कर्ता माणूस बसतो. आम्हाला नको." दोन्ही घरं बौद्ध. दोन्ही घरांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बैठकीला भट नव्हता, पत्रिका नव्हती, मंगळ कुणी विचारला नाही. दारातून हाकललेला मंगळ खिडकीतून शनी होऊन आत आला. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी या शास्त्राचं पोट फाडून बघू. आत फार काही नाही. जन्माच्या तारखेतले आकडे एकच आकडा उरेपर्यंत मिळवायचे, तो मूलांक. दिवस, महिना, वर्ष सगळं मिळवलं की भाग्यांक. इंग्रजी अक्षरांना ठरलेले आकडे देऊन नावाची बेरीज केली की नामांक. मग एकेका आकड्यावर एकेक ग्रह बसवायचा. एक सूर्य, दोन चंद्र, तीन गुरू, चार राहू, पाच बुध, सहा शुक्र, सात केतू, आठ शनी, नऊ मंगळ. ग्रहाचा स्वभाव आकड्याला आणि आकड्याचा माणसाला. सूर्य राजा, गुरू ज्ञानी, शुक्र ऐषारामी, शनी म्हणजे कष्ट, उशीर, दुःख. मूलांकाचं आणि नामांकाचं पटत नसलं तर नावात एखादं अक्षर घाला नाहीतर काढा. संपलं शास्त्र.

आता जरा थांबा. हे ग्रह कोण आहेत ते ओळखा. वराहमिहिराचं बृहज्जातक, सहाव्या शतकातलं. त्यात ग्रहांना वर्ण वाटून दिलेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मण. सूर्य आणि मंगळ क्षत्रिय. चंद्र वैश्य. बुध शूद्र. आणि शनी? शनी अंत्यजांचा! आभाळात गावकुसाबाहेरची जागा शनीला दिलेली आहे. काळा, मंद, अशुभ. आकड्याला ग्रह चिकटवला की ग्रहाची जातही आकड्याला चिकटते. तीन आणि सहा सोवळ्यात, आठ महारवाड्यात. आत्याबाईंनी पोरीला नाकारलं ते कुठल्या कारणानं हे त्यांना कळलं तर पोटात कालवाकालव होईल. अंत्यजांच्या घरानं अंत्यजांच्या पोरीला अंत्यजांच्या ग्रहाची म्हणून नाकारलं! आपल्याच हातानं आपलीच हद्दपारी. मनूला जे जमलं नाही ते लॅपटॉपनं करून दाखवलं.

शनीचं भय आपल्या जिल्ह्याला काही नवं न्हाई. नेवाशाकडं शिंगणापूर आहे, तिथं दगडावर तेल ओतायला देशभरातून गाड्या येतात. त्या चौथऱ्यावर बाईला पाय ठेवू देत नव्हते. बायांनी आंदोलन केलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा सगळ्यांना मोकळा झाला. तारीख कोणती? ८ एप्रिल. शनीच्या तारखेला शनीचा चौथरा बायांनी घेतला.

आणखी घ्या. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. अंमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. दोन्हीकडं २६, दोन्हीकडं आठ. म्हणजे ज्या कागदानं आपल्याला माणूस म्हटलं तो कागद दोन्ही वेळा शनीच्या मूलांकावर जन्मला. बुद्धाचा मार्ग अष्टांगिक. नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली आठवी प्रतिज्ञा काय, तर ब्राह्मणाच्या हातून कुठलंही क्रियाकर्म करून घेणार नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं तेव्हा त्यांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती मांडली, १९४६ साली कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. सहा दिवस, दिवसाला आठ तास. गिरणीतली आमची पाळी आठाची!

बघितलंत? पाच मिनिटांत मी आठाचं पुराण रचलं. अंगावर काटा आला असेल एखाद्याच्या. येऊ देऊ नका. यांचा सगळा धंदा असाच चालतो. हवं ते उचलायचं, नको ते पायाखाली दाबायचं. आठाचा महिमा गाताना मी १९२७ चा महाडचा सत्याग्रह सोडला, कारण चवदार तळं २० मार्चचं, मूलांक दोन, आणि मनुस्मृती जाळली २५ डिसेंबरला, मूलांक सात. माझ्या पुराणात ते बसत नव्हतं, मी गाळलं. त्याचीही कला हीच, फक्त तो गाळलेलं सांगत नाही. आणि दोन हा म्हणे चंद्राचा, शीतल, मायाळू आकडा. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला झाली. दोन आणि नऊ अकरा, एक आणि एक दोन. शीतल! दाभोलकरांना गोळ्या घातल्या २० ऑगस्ट २०१३ ला. पुन्हा दोन, पुन्हा मायाळू.

बाबासाहेबांनाही यांनी सोडलेलं नाही. १४ एप्रिल, म्हणून पाच, म्हणून बुध, म्हणून बुद्धी. अरे व्वा! म्हणजे साताऱ्याच्या शाळेत पोत्यावर बसून शिकलेला पोरगा, कोलंबियात उपाशीपोटी वाचणारा तरुण, लंडनच्या ग्रंथालयात दिवस काढणारा माणूस, या सगळ्याला काही किंमत नाही. पाच नंबरानं डॉक्टरेट केली! १४ एप्रिल १८९१ ला जगात आणखी किती पोरं जन्मली असतील, त्यांच्यातल्या किती जणांनी घटना लिहिली ते विचारा की त्या लॅपटॉपवाल्याला.

आता जन्मतारखेचीच गोष्ट. सगळं शास्त्र तारखेवर उभं. आमच्या आज्यांना, बापांना तारीख कुठली? "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो, तवा हा पोटात व्हता." "मढीच्या जत्रेच्या आदल्या रोजी." ही आमची पंचांगं. पोरगं शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचा, जन्म कधीचा? बाप टोपी हातात घेऊन उभा. मास्तर उंची बघायचा, अंदाजानं साल टाकायचा, आणि शाळा जूनची म्हणून लिहून मोकळा व्हायचा, एक जून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जुने दाखले काढून बघा. अख्खी रांग एक जूनला जन्मलेली. चाळीस बायका काय एकाच रात्री बाळंत झाल्या?

एक जून. मूलांक एक. सूर्य! राजा! सत्ता, मान, नेतृत्व. मास्तरनं टाकानं एक रेघ ओढली आणि आमच्या वस्तीत डझनावारी राजे जन्माला आले. हे राजे कुठं आहेत सध्या? एक कुठल्याशा कारखान्याच्या फडात ऊस तोडतोय, एक नगरच्या एमआयडीसीत रात्रपाळीला उभा आहे, एक बोअरवेलच्या गाडीवर परराज्यात गेला तो दिवाळीलाच येतो. दोस्तहो, अंकशास्त्र खोटं आहे याला दुसरा पुरावा कशाला पाहिजे? तिसगावचा जनरल रजिस्टर पुरे आहे.

पण ते म्हणतील, शास्त्र प्राचीन आहे. प्राचीन म्हटलं की आपली माणसं बिचकतात. आपल्या अंगावरची अस्पृश्यताही प्राचीनच होती, ते विसरू नका. तरीपण बघू किती प्राचीन ते.

नावाला आकडा जोडायची खोड जुनी आहे, हे खरं. इ.स.पूर्व आठव्या शतकात अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा सारगॉन यानं खोर्साबादला नवी राजधानी बांधली आणि लिहून ठेवलं की शहराच्या भिंतीची लांबी माझ्या नावाच्या आकड्याइतकी, सोळा हजारांवर हात. राजाच्या नावाची बेरीज भिंत झाली. विटा कुणी वाहिल्या त्यांच्या नावाची बेरीज कुणी केली नाही. बाबिलोनचे लोक साठात मोजत, आपल्या तासाची साठ मिनिटं तिथली. त्यांनी देवांनाही आकडे दिले होते. चंद्रदेवाचा आकडा तीस, कारण महिना तीस दिवसांचा. (आमच्या गावाच्या नावात तीस ऐकू येतो, तेव्हा बाबिलोनच्या हिशेबानं आम्ही चंद्रावरचे!) आणि आज 'खाल्डियन पद्धत' म्हणून बाबिलोनचंच नाव सांगून जे विकतात त्यात चंद्राचा आकडा दोन. मग खरा बाबिलोनी कोण, बाबिलोनवाला का फ्लेक्सवाला?

ग्रीकांचा पायथागोरस दुसरा. इ.स.पूर्व सहावं शतक. त्यानं स्वतः लिहिलेलं काही उरलेलं नाही. त्याच्या पंथाला तारेच्या लांबीत आणि सुरात हिशेब सापडला आणि ते म्हणाले, सगळं जगच आकडा आहे. विचार मोठा होता. पण त्यांनीही आकड्यांची वाटणी केलीच. विषम आकडा पुरुष आणि चांगला, सम आकडा बाई आणि वाईट. तिथंही वर्णव्यवस्था! ग्रीक आणि ज्यू लोकांकडं आकड्यांना वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच आकडे म्हणून वापरत. म्हणून शब्दाची बेरीज हा त्यांचा रोजचा खेळ. आपल्याकडं आर्यभटानं ४९९ च्या सुमाराला अक्षरांत आकडे बांधले ते गणित श्लोकात पाठ व्हावं म्हणून. त्यानं कुणाची सोयरीक मोडली नाही.

बाजारातला माल मात्र यातल्या कुणाचाच नाही. तो गेल्या शे-सव्वाशे वर्षांतला, इंग्लंड-अमेरिकेचा. आपल्याकडं त्याचा बाप म्हणजे कीरो. खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, आयर्लंडचा, १९३६ साली वारला. त्याच्या पुस्तकांचे मराठी अवतार एस.टी. स्टँडवर पिढ्यान्‌पिढ्या खपले. गंमत अशी की हा गोरा सांगायचा, मी विद्या शिकलो ती हिंदुस्थानात, कोकणातल्या ब्राह्मणांकडं. म्हणजे तिकडचा माल इकडचं नाव लावून आणि इकडचा माल तिकडचं नाव लावून. गिऱ्हाईक मात्र आमचंच. या कीरोनं चार नंबर दिला हर्षलला आणि सात दिला नेपच्यूनला. हर्षल सापडला १७८१ साली, नेपच्यून १८४६ साली, दुर्बिणीतून. प्राचीन ऋषींना आणि खाल्ड्यांना ते कुणी दाखवले? आपल्या लोकांनी हळूच तिथं राहू-केतू बसवले. आणि जन्मतारीख कुठल्या कॅलेंडरची? १५८२ साली रोमच्या पोपनं दुरुस्त केलेल्या. भारतीय प्राचीन शास्त्र पोपच्या तारखेवर चालतं!

त्यांच्या खाल्डियन तक्त्यात इंग्रजीची सव्वीस अक्षरं आहेत. त्यातलं 'जे' हे अक्षर 'आय'पासून निराळं झालं सोळाव्या शतकात. बाबिलोनवाले मातीच्या विटेवर बोरूनं खिळ्यासारखी अक्षरं टोचायचे, त्यांना 'जे' कुठला न 'डब्ल्यू' कुठला? त्या तक्त्यात नऊ हा आकडा कुठल्याच अक्षराला नाही. का, तर तो पवित्र. आकड्यांतही सोवळं!

आपल्याच गावाची बेरीज करून बघू. खाल्डियन तक्त्यानं टी चार, आय एक, एस तीन, जी तीन, ए एक, ओ सात, एन पाच. झाले चोवीस, म्हणजे सहा, शुक्र. ऐषाराम. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणारं ऐषारामी गाव. शेवटी 'ओ-एन' ऐवजी 'व्ही' लिहा, बेरीज अठरा, म्हणजे नऊ, मंगळ. आता दुसरा तक्ता, पायथागोरसच्या नावानं खपतो तो, घ्या. टी दोन, आय नऊ, एस एक, जी सात, ए एक, ओ सहा, एन पाच. एकतीस, म्हणजे चार, राहू. एकच गाव, एकच वेस, तीन नशिबं. आणि आपण लिहितो त्या मराठी 'तिसगाव'ला कुठल्याच तक्त्यात जागा नाही. आईनं ज्या भाषेत हाक मारली ते नाव यांच्या हिशेबात येतच नाही.

नऊ आकड्यांचं कोडंही उलगडून ठेवतो. हाताला दहा बोटं, म्हणून आपण दहात मोजतो. म्हणून एक आकडी संख्यांत नऊ शेवटची. आकडे मिळवत मिळवत खाली आलं की जे उरतं ती फक्त नवानं भागल्यावरची बाकी. (काही उरत नसलं की नऊ.) गुणाकार चुकला का हे तपासायला जुने कारकून हीच युक्ती वापरत. नवाच्या पाढ्यात अठरा, सत्तावीस, छत्तीस, सगळ्यांची बेरीज नऊ, तो चमत्कार नव्हे, बोटांचा परिणाम. माणसाला आठ बोटं असती तर आपण आठात मोजलं असतं, सव्वीस ही संख्या ३२ अशी लिहिली असती, बेरीज पाच. पोरीचा शनी गेला, बुध आला. बाबिलोनच्या साठात तर सव्वीस हे एकच घर, बेरीज करायचं कारणच नाही.

आठ बोटांचा माणूस मी बघितलाय. गिरणीत शेजारच्या फ्रेमवरच्या एकाच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली. वरचा साहेब घरी येऊन काय म्हणाला? "साडेसाती होती, बोटावर निभावलं." बायको शनिवारी तेल घालायला लागली. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यानं तक्ता घालून दिला होता, एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली असं धरायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. वीस! हा आकडा त्या माणसाला कुणी सांगितला नाही. शनीचा आठ मात्र गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. माझा संताप आहे तो इथं आहे.

सुतालाही नंबर असतो. तिशीचं सूत म्हणजे ८४० वारांच्या तीस लड्या मिळून एक पौंड भरलं पाहिजे. १२० वार रीलवर घ्या, काट्यावर टाका, नंबर खरा का खोटा लगेच कळतं. खोटा असला तर माल परत येतो, ओरडा खावा लागतो. आकडा असा असावा. त्याला काट्यावर टाकता आलं पाहिजे. यांचा आकडा काट्यावर टाकला होता, नाही असं नाही. पुण्यात जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली ज्योतिष्यांची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या, ओळखा म्हणाले. सत्तावीस ज्योतिषी बसले, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. बरोबर आली शेकडा सेहेचाळीस. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. पत्रिका आणि अंक वेगळे असं म्हणून पळू नये कुणी, ग्रह तेच आहेत.

आमच्या गिरणगावच्या जुन्या लोकांचं अंकशास्त्र म्हणजे मटका. साठच्या दशकात तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावावर सुरू झाला. पुढं तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. पाच, तीन, सहा, चौदा, म्हणजे चौका. अंकशास्त्रीही चौदाच काढतो, फक्त पुन्हा मिळवून पाच करतो. मटक्यानं घरं बुडवली, त्याची बाजू मी घेत नाही. पण आकडा लागला तर मटकेवाला पैसे देत होता. याचा आकडा लागो न लागो, पैसे यालाच. आणि मटक्याला कायद्यानं बंदी. अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा दाभोलकरांचं रक्त सांडल्यावर २०१३ साली झाला, त्यात ज्योतिष्याचा सल्ला मात्र वगळला.

एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो, नाहीतर कुणी विपरीत अर्थ काढील. कुडमुड्या जोशी, पिंगळा, नंदीबैलवाला यांच्यावर माझा रोख नाही. मढीला कानिफनाथाच्या जत्रेत भटके-विमुक्त जमतात, त्यांच्यातली ही माणसं. मूठभर दाण्यासाठी त्यांनी चार गोड शब्द सांगितले. त्यांना ना गाव ना सातबारा. त्यांचं भविष्यही खोटंच, पण त्यांना त्या धंद्यात ढकलणारी व्यवस्था आणि आज एसी गाडीतून येऊन एकवीसशे घेणारा यांना एका दावणीला बांधू नका.

रोख आहे तो जुन्या दक्षिणेवर. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. महाराष्ट्रात दगडावर कोरलेले फार जुने आकडे तिथं आहेत. आणि ते आकडे कशाचे? यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे. गायी ११ हजार, घोडे एक हजार, असं चाललंय. आपल्या मुलखात आकडा दगडावर आला तोच दक्षिणा मोजायला! फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात जोशी काय करतो, तर कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचं भय घालून लुबाडतो. तेव्हापासून काय बदललं? जोश्याच्या काखेतलं पंचांग मोबाईलमध्ये गेलं.

आणि नावाचं शास्त्र म्हणाल तर आपल्याला ते कुणी शिकवू नये. आपलं नामांक मनूनं फार आधी काढून ठेवलं. दुसऱ्या अध्यायात आहे, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस येईल असं. तेच शूद्रांना, मग आपली काय कथा! त्यातून कचरू, धोंड्या, दगडू, उकिर्डा. नाव बदलून नशीब बदलतं का? एकदा बदललं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत गौतम आले, राहुल आले, मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता आल्या. कुणी स्पेलिंग मोजलं नाही. लाखो माणसं एका मैदानावर उभी राहिली आणि उकिरड्यावरची नावं उकिरड्यावर टाकून आली. त्या पोरांच्या पोरांनी आता त्या नावात जादा 'ए' घालावा?

ज्याचं नाव घेतलं त्या बुद्धाचं तरी ऐका. दीघ निकायात पहिलंच सुत्त ब्रह्मजाल. त्यात भविष्य सांगून, लक्षणं बघून, ग्रहांची गणितं करून पोट भरणं याला हीन विद्या म्हटलंय, भिक्खूनं त्यापासून लांब राहावं असं सांगितलंय. नक्खत्त जातकात तर आपल्या वस्तीचीच कथा आहे. वराकडच्यांनी नक्षत्र चांगलं नाही म्हणून लग्नाची तिथी चुकवली, पोरीकडच्यांनी त्याच मांडवात दुसऱ्याला पोरगी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं आणि भांडत बसलं. आमच्या त्या पोरीच्या बापानं हे जातक वाचून ठेवावं. पोरीनं वाचलंय, तिनं मला सांगितलं.

दसरा झाला की पाथर्डीच्या गाड्या ऊसतोडीला निघतील. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत माणूस नसतो, कोयता असतो. आता कोयत्याचा मूलांक काढा बघू, नवऱ्याच्या तारखेनं का बायकोच्या? वहीत आकडे तीनच, उचल किती, टन किती, फिटली किती. अंगठा आपला, बेरीज त्याची. गेल्या साली तीन घरांना हंगाम संपवून आल्यावर कळलं की अजून देणंच निघतंय. ती वही कुणी तपासली नव्हती. तेव्हा ज्यांनी उचल घेतलीय त्यांनी येत्या दोन रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात यावं. मागच्या पावत्या असतील त्या आणाव्यात, नसतील तर तोंडी सांगावं. बेरीज-वजाबाकी दोघं-तिघं मिळून करून देऊ, सोबत प्रत्येकाची वेगळी वही घालून देऊ. बायांनी जरूर यावं, अर्धा कोयता त्यांचा आहे. वही शंभर पानी आणावी. फी नाही.